एकच पोस्टग्रेस सर्व्हर अनेकांना वापरायला देण्यापूर्वी

एकाच पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरवर ॲप, रिपोर्ट काढणारी मंडळी आणि नुकतीच एसक्यूएल शिकू लागलेली मुलं असे सगळे येणार असतील, तर लॉगिन वाटायची घाई करू नका. मूळ सेटिंगमध्ये इथे बहुतेक मर्यादा बंदच असतात. स्टेटमेंट टाइमआउट शून्य असतो, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) कितीही वेळ चालू शकते. मेमरीत न मावणारं काम डिस्कवरच्या तात्पुरत्या फायलींत होतं; त्या फायलींची मर्यादा उणे १ असते, म्हणजे डिस्क भरेपर्यंत कुणी अडवत नाही.

आधी मोजा. कोणती क्वेरी किती वेळ घेते याची नोंद ठेवणारं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन सुरू करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून ते काम लोक यायच्या आत उरका. लॉग टेम्प फाइल्स ही सेटिंग शून्यावर ठेवली की प्रत्येक तात्पुरत्या फायलीची नोंद लॉगमध्ये उतरते. या मोजणीत महिनाअखेर आलीच पाहिजे. एरवीच्या शांत दिवसांवरून ठरवलेल्या मर्यादा नेमक्या हिशेबाच्या दिवशी लोकांची कामं तोडतात.

मग रोल, म्हणजे लॉगिनची खाती, वेगळे करा: ॲपचा एक, रिपोर्टचा एक, शिकणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरत असेल तर पुढचं काहीच नीट लागू करता येणार नाही. प्रत्येक रोलला कनेक्शन लिमिट द्या. सर्व्हरची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखीव. ॲपच सुपरयूजर म्हणून जोडलं असेल तर ती ३सुद्धा तेच खाईल आणि अडचणीच्या वेळी तुम्हालाच आत शिरता येणार नाही.

मेमरीला जास्त वेळ द्या, कारण गफलत इथेच होते. वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी, मुळात ४ एमबी असते, पण ती क्वेरीमागे मोजली जात नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला तेवढी मुभा मिळते. हॅशला (जोडणी किंवा गटवारीसाठी मेमरीत बांधलेल्या तक्त्याला) तर आवृत्ती १५ पासून दुप्पट. पॅरलल वर्कर (एकाच क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या जादा प्रोसेस) असतील तर प्रत्येकाची वेगळी. समजा तुम्ही उदारपणे ६४ एमबी दिली. क्वेरीत तीन सॉर्ट आहेत आणि दोन वर्कर धरून तीन प्रोसेस चालताहेत, तर एकाच क्वेरीची मजल ५७६ एमबीपर्यंत जाऊ शकते. अशा वीस एकदम आल्या की ११ जीबीच्या वर. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारतं, आणि ती पोस्टग्रेसची निघाली तर सर्व्हर सगळ्यांचीच कनेक्शन तोडून नव्याने उभा राहतो. म्हणून सर्वांसाठी आकडा लहान ठेवा, वाढवायचा तो रिपोर्टच्या रोलपुरता.

वेळेची मर्यादाही रोलवरच लावा, मुख्य कॉन्फिग फायलीत नको. तिथे लावली तर रात्री चाललेली इंडेक्सबांधणीही मध्येच तुटेल. माझ्या मते ॲपला काही सेकंद पुरे, रिपोर्टला काही मिनिटं. बदल नव्या सेशनलाच लागू होतो, तेव्हा पूलमधली (ॲपने उघडी राखून ठेवलेली) जुनी कनेक्शन बंद करायला विसरू नका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: वापरणारा माणूस एका सेट कमांडने स्वतःचा स्टेटमेंट टाइमआउट शून्य करू शकतो. कनेक्शन लिमिट आणि तात्पुरत्या फायलींची मर्यादा मात्र त्याला अशी बदलता येत नाही. म्हणून खरा भरवसा या दोहोंवर ठेवा. शिवाय इतरांच्या क्वेरी रद्द करायची मुभा देणारा पीजी सिग्नल बॅकएंड हा रोल दिलेली एक छोटी स्क्रिप्ट लावा, म्हणजे हद्द ओलांडलेली क्वेरी ती रद्द करील. आधी कॅन्सल (फक्त क्वेरी थांबते), नाहीच ऐकलं तर टर्मिनेट (कनेक्शनच तुटतं). प्रोसेस थेट मारणारी किल उणे ९ ही लिनक्स कमांड कधीही नको, त्याने सगळेच बाहेर फेकले जातात.

ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) उघडं ठेवून जेवायला गेलेला माणूस सीपीयू खात नाही, पण त्याच्यामुळे व्हॅक्यूम या सफाईच्या कामाला मेलेल्या ओळी काढता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. त्यासाठी आवृत्ती ९.६ पासून वेगळा टाइमआउट आहे, तोही लावा.

सीपीयूवर रोलनिहाय मर्यादा पोस्टग्रेसमध्ये नाही. जड रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसची सतत ताजी होणारी प्रत, हाच मला पटलेला मार्ग. तिथे मूळ डेटाबेसमधल्या बदलांशी टक्कर झाली तर क्वेरी रद्द होऊ शकते. त्याआधीची मूळ मुदत ३० सेकंदांची, ती रिपोर्टच्या मानाने वाढवून घ्या.

लोकांना आकडे आधीच कळवा. क्वेरी तुटली तर कोणता एरर दिसेल, कुणाला फोन करायचा, जास्त वेळ हवा असेल तर रात्रीची सवलत कशी मागायची, हे सगळं मराठीत एका पानावर लिहून द्या. मर्यादा न सांगता लावली की शिकणाऱ्या मुलाला वाटतं, आपलंच काही चुकलं, आणि ते क्वेरी लिहायलाच बिचकतं.

शेवटी प्रत्येक रोलने स्वतः लॉगिन करून मर्यादेपेक्षा लांब पीजी स्लीप (नुसतं थांबून राहणारं फंक्शन) चालवा. मग जनरेट सीरिजने काही कोटी ओळी तयार करून रँडमने सॉर्ट करा आणि तात्पुरत्या फायलींची मर्यादा लागते का ते पाहा. ही चाचणी ॲप चालू असताना घ्या, आणि त्या वेळात ॲपचा प्रतिसाद किती मंदावतो तेही नोंदवा.