बुरशी पुसण्याआधी ओल शोधा

भिंतीवरचा काळा डाग पुसायला फडकं हातात घेण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ओल तशीच राहिली तर बुरशी त्याच जागी परत उगवते, कितीही घासा.

सुरुवात हवेतला ओलावा मोजणाऱ्या एका छोट्या हायग्रोमीटरने करा. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, जमलं तर ३० ते ५० च्या दरम्यान. सकाळी उठल्यावर आणि आंघोळी आटोपल्यावर आकडा बघत जा. कुठल्या कामाने तो चढतो ते आठवडाभरात कळतं.

मग भिंत तपासा. डागाची जागा वरून कोरडी होऊ द्या, मग तिथे वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस हात लावू नका. काढताना नीट पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय: गळका पाइप, बाहेरचा तडा, तुंबलेली पन्हळ. खोलीकडच्या बाजूला दिसले तर घरातलीच वाफ गार भिंतीवर जमतेय. पहिल्या बाबतीत आधी गळती बंद करायची आणि भिंत पूर्ण वाळू द्यायची. ओल्या भिंतीवर रंग देऊ नका, थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात.

वाफेचा प्रश्न असेल तर ती निघते तिथूनच बाहेर काढा. आंघोळीनंतरही एक्झॉस्ट फॅन २०-३० मिनिटं चालू ठेवा, आणि त्याची हवा खरंच घराबाहेर जाते ना, माळ्यावर तर जात नाही ना, हे एकदा बघाच. स्वयंपाक करताना पातेल्यावर झाकण ठेवा. कपडे बंद खोलीत वाळत घालू नका; त्यातलं सगळं पाणी त्याच हवेत जातं.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा आणि मागच्या फळीवर हात फिरवा. गार, किंचित चिकट लागली की समजा, तिथे हवा खेळत नाही. माझ्या मते घरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच.

पाणी सांडलं, गळलं, तर २४ ते ४८ तासांत सगळं कोरडं करा. बुरशी खोलवर गेलेली गादी मात्र टाकूनच द्या. डाग पुसताना मास्क आणि हातमोजे घाला, कोरडं घासू नका, बुरशीचे बीजाणू (ज्यांतून ती पसरते ते बारीक कण) उडतात. आणि ब्लीच वापरणार असाल तर त्यात अमोनिया किंवा अ‍ॅसिडवालं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.