हँडहेल्ड गेमिंग पीसी: ‘किती इंची घेऊ?’ इथेच गाडी अडते, या चुका टाळा

हँडहेल्ड गेमिंग पीसी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक, घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, किती इंची घेऊ? ही टीव्हीच्या दुकानातली सवय. टीव्ही भिंतीवर टांगायचा असतो, त्यामुळे तिथे इंच मोजले की काम भागतं. हँडहेल्ड हातात धरायचा, पिशवीत टाकायचा आणि दीड वीत अंतरावरून बघायचा असतो. तिथे इंचापेक्षा ग्रॅम, वॉट-तास (बॅटरीत मावणारी वीज) आणि अक्षराची उंची हे तीन आकडे जास्त खरं बोलतात.

चूक 1: स्क्रीन लहान म्हणजे यंत्र लहान असं धरून चालणं

व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकची पहिली आवृत्ती 7 इंची आहे, लांबी 298 मिमी. लेनोवोचा लीजन गो 8.8 इंची आहे, लांबी 299 मिमी. स्क्रीनमध्ये जवळपास दोन इंचांचा फरक आणि लांबीत एका मिलिमीटरचा! 8 इंची लीजन गो एस आणि एमएसआय क्लॉ 8 हेही 299 मिमीच्याच घरात आहेत. कारण साधं आहे. दोन्ही बाजूंच्या मुठी, स्टिक आणि बटणं यांना जागा लागतेच, स्क्रीन मधे बसते. स्क्रीन वाढली की आधी कडेची काळी चौकट खाल्ली जाते, मग उंची वाढते. डेकची उंची 117 मिमी, लीजन गोची 131. डेकची नंतरची, ओएलईडी पडद्याची आवृत्ती तर 7.4 इंची होऊनही मूळच्याच मापाच्या कवचात बसली, आणि 669 ग्रॅमवरून 640 ग्रॅमवर आली.

म्हणजे 7 की 8 या वादात ‘बॅगेत मावेल का’ हा मुद्दा जवळजवळ गैरलागू आहे. 30 सेंटिमीटरचा कप्पा असेल तर दोन्ही मावतील, नसेल तर दोन्ही अडतील. खरोखर लहान हवा असेल तर 6 इंचांपर्यंत खाली यावं लागतं. जीपीडी विन 4 साधारण 220 मिमी लांब आहे आणि वजन 598 ग्रॅम. तोही जीन्सच्या खिशात जात नाही. जॅकेटच्या मोठ्या खिशात गेला तर नशीब.

चूक 2: कर्णाचे इंच एकमेकांशी थेट ताडणं

7 इंची 16:9 (रुंदी 16, तर उंची 9) प्रमाणाची स्क्रीन 15.5 सेंमी रुंद असते. 7 इंची 16:10 स्क्रीन 15.1 सेंमी रुंद पण जास्त उंच असते. 16:9 पुरताच बनवलेला गेम 16:10 वर लावला की वर-खाली सुमारे अर्धा-अर्धा सेंटिमीटर काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र प्रत्यक्षात 6.8 इंचांचं उरतं. उलट 16:10 ला साथ देणाऱ्या गेममध्ये आणि डेस्कटॉपवर काम करताना ती वाढीव उंची कामाला येते. तुमचे चार आवडते गेम 16:10 चालवतात का, हे खरेदीआधी तपासा.

चूक 3: अक्षरं दिसत नाहीत म्हणून एक इंच मोठा हँडहेल्ड घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा हिशेबच मांडू.

टेबलावरचा 24 इंची मॉनिटर 53 सेंमी रुंद असतो आणि आपण त्याच्यापासून साधारण 60 सेंमीवर बसतो. गेममधली अक्षरं आणि चिन्हं बहुतेक वेळा त्या अंतरासाठी आखलेली असतात. तेवढंच मोठं चित्र डोळ्यांना दिसावं असं वाटत असेल तर 7 इंची हँडहेल्ड डोळ्यांपासून 17 सेंमीवर धरावा लागेल. 8 इंची 19 ते 20 सेंमीवर, 8.8 इंची 21 सेंमीवर. प्रत्यक्षात आपण धरतो 35 सेंमीच्या आसपास. म्हणजे 7 इंचीवर सगळं मॉनिटरच्या निम्म्या आकाराचं दिसतं. 8 इंचीवर त्यात फक्त 14 टक्के भर पडते. निम्म्याचं थोडं जास्त, पण दुखणं तेच.

रिझोल्यूशन (पडद्यावरच्या पिक्सेलांची संख्या) वाढवूनही हे सुटत नाही. बहुतेक गेम अक्षरांचा आकार स्क्रीनच्या उंचीच्या प्रमाणात ठेवतात. पडद्याच्या उंचीत 800 पिक्सेल असताना जे अक्षर 1 मिमी उंच होतं, ते 1600 पिक्सेलांवरही 1 मिमीच राहतं, फक्त कडा रेखीव होतात. स्टीम डेकसाठी व्हॉल्व्हने गेम बनवणाऱ्यांना घातलेली अट अशी आहे: 1280×800 वर कोणतंही अक्षर 9 पिक्सेलांपेक्षा लहान नको, 12 असेल तर उत्तम. 7 इंची डेकवर 9 पिक्सेल म्हणजे जेमतेम 1 मिमी. औषधाच्या पाकिटावरची बारीक सूचना आठवा.

चाळिशी लागलेल्यांनी तर इथे विशेष लक्ष द्यावं. 35 सेंमी हे वाचनाच्या चष्म्याचं अंतर आहे. लांबचा चष्मा लावून किंवा चष्म्याविना खेळून ‘स्क्रीन लहान आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही. आधी जवळचा चष्मा लावून पाहा.

उपाय याच क्रमाने करा:

1. गेमच्या सेटिंगमध्ये इंटरफेस किंवा टेक्स्ट स्केल शोधा आणि वाढवा. सबटायटलचा आकार बहुतेकदा वेगळ्या जागी असतो, तोही बदला.
2. स्टीम डेकवर स्टीमचं बटण दाबून धरून एल1 (वरच्या कडेचं डावं बटण) दाबा. भिंग चालू होतं. यादी किंवा नकाशा वाचण्यापुरतं पुरेसं.
3. विंडोजवाल्या यंत्रात डिस्प्ले स्केल 150 टक्क्यांवर, 7 इंची 1080पी (1920×1080 पिक्सेलांचा) पडदा असेल तर प्रसंगी 200 टक्क्यांवर न्या. याने डेस्कटॉप आणि लाँचर (गेम सुरू करायचं अ‍ॅप) सुधारतात. गेमच्या आतलं सहसा बदलत नाही.
4. एवढं करूनही तुमचे मुख्य गेम नकाशे, तक्ते आणि वाक्यंच्या वाक्यं वाचायला लावणारे असतील, तर मग 8 किंवा 8.8 इंचाचा विचार करा.

शर्यती, मारामारी, उड्या मारायचे खेळ यांना 7 इंच भरपूर होतात. राज्यं चालवायचे आणि शहरं वसवायचे गेम असतील तर 7 इंचाचा हट्ट नको.

चूक 4: जास्त पिक्सेल फुकट मिळतात असं समजणं

1280×800 म्हणजे सुमारे 10 लाख पिक्सेल. 1920×1200 म्हणजे 23 लाख. 2560×1600 म्हणजे 41 लाख, डेकच्या चौपट. चिप मात्र डेकमध्ये 15 वॉटपर्यंतची आणि बाकीच्यांत साधारण 15 ते 30 वॉटवर रमणारी.

यात एक गैरसमज नेहमी दिसतो: जास्त रिझोल्यूशनने बॅटरी थेट संपते. तसं नाही. चिपने वापरायच्या विजेची मर्यादा 15 वॉटवर बांधली असेल तर पिक्सेल वाढल्यावर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होतात, वीज तेवढीच जाते. फ्रेम कमी झाल्या म्हणून आपण मर्यादा 25 वर नेतो आणि तिथे बॅटरीचा बोजवारा उडतो.

म्हणून मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर गेम खालच्या रिझोल्यूशनला चालवायचा. लीजन गोच्या 2560×1600 चा फायदा असा की 1280×800 त्यात नेमकं दुपटीने बसतं, इंटिजर स्केलिंग लावलं की एका पिक्सेलचे चार होतात आणि चित्र धूसर होत नाही. 1080पी पडद्यावर 720पी दीडपटीने ताणावं लागतं, कडा किंचित मऊ होतात. तिथे एफएसआर किंवा आरएसआर (लहान चित्र रेखीव ठेवून ताणणाऱ्या सोयी) वापरा. एफएसआर चालू करूनही काहीच फरक दिसत नाही अशी तक्रार असेल तर गेमच्या आतलं रिझोल्यूशन पाहा. ते पडद्याइतकंच ठेवलं असेल तर स्टीम डेकच्या एफएसआर फिल्टरला ताणायला काही उरतच नाही. आधी गेममध्ये ते खाली आणा, मग फिल्टर लावा.

हर्ट्झचंही (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) असंच. पहिल्या लीजन गोमध्ये 144 हर्ट्झ आहेत पण व्हीआरआर (पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवून घेण्याची सोय) नाही. 60 फ्रेम 144 मध्ये समान वाटल्या जात नाहीत, म्हणून आकडा 60 दिसत असूनही चाल अडखळते. पडदा 60 हर्ट्झवर ठेवा, किंवा 144 वर राहून फ्रेम 48 किंवा 72 वर बांधा. डेकच्या ओएलईडीवर 40 फ्रेमची मर्यादा लावली की पडदा आपोआप 80 हर्ट्झवर येतो. 40 फ्रेम कमी वाटतात खऱ्या, पण प्रत्येक फ्रेमला 25 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 30 आणि 60 च्या बरोब्बर मधे. प्रवासात हा सौदा फायद्याचा.

चूक 5: वजनाचा आकडा नुसता वाचणं

असूसचा आरओजी अ‍ॅलाय 608 ग्रॅम, डेक ओएलईडी 640, अ‍ॅलाय एक्स 678, क्लॉ 8 चं वजन 795, लीजन गो कंट्रोलरसह 854. कागदावर हा फरक वाटीभर पोह्यांचा. हातात तो विसाव्या मिनिटाला कळतो.

ऑर्डर देण्याआधी घरीच परीक्षा घ्या. जाड पुठ्ठा 30 × 12 सेंमी कापा. झिपच्या दोन पिशव्यांमध्ये तांदूळ भरा आणि पुठ्ठ्याच्या दोन टोकांना चिकटपट्टीने पक्क्या बसवा. सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर 640 ग्रॅम भरलं पाहिजे. आता नेहमी जिथे खेळणार तिथे बसा, कोपरं अधांतरी ठेवून पुठ्ठा 35 सेंमीवर धरा आणि 20 मिनिटं मोबाइलवर काहीतरी ऐकत बसा. मग तांदूळ वाढवून 850 ग्रॅम करा आणि पुन्हा 20 मिनिटं. दुखणं आधी मनगटात येतं, मग अंगठ्याच्या मुळाशी. हात हळूहळू मांडीकडे सरकतात आणि मान खाली वाकते. पडदा कितीही सुंदर असो, मांडीवर उतरला की तो 35 चा 50 सेंमीवर गेला. 8.8 इंच 50 सेंमीवरून डोळ्यांना 35 सेंमीवरच्या साधारण 6 इंचाएवढेच दिसतात. म्हणजे मोठ्या स्क्रीनसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वजनानेच परत घेतले.

कोपरांखाली उशी, किंवा पोटाशी घेतलेली बॅग, एवढ्याने बराच फरक पडतो. लीजन गोचे कंट्रोलर सुटे होतात आणि मागे स्टँड आहे. तो टेबलावर उभा करून दोन्ही हात सैल सोडून खेळणार असाल तर 854 चा बाऊ करू नका. पण लोकलमध्ये किंवा एसटीत टेबल कुठून आणणार?

आमचं मत विचाराल तर रोज बाहेर नेणाऱ्याने 7 ते 7.4 इंच आणि 680 ग्रॅमची हद्द ओलांडू नये. घरच्या घरी सोफ्यावर आणि पलंगावर खेळणाऱ्याला 8 इंच जास्त समाधान देईल. 8.8 टेबलवाल्यांसाठी.

चूक 6: ‘8 तासांपर्यंत बॅटरी’ यावर प्रवास आखणं

भागाकार स्वतः करा. बॅटरीचे वॉट-तास भागिले एकूण खर्च होणारे वॉट. एकूण खर्च म्हणजे चिपची मर्यादा अधिक पडदा, पंखा, मेमरी, वायफाय वगैरेंचे साधारण 6 ते 9 वॉट.

पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने सव्वातीन तास धरा. डेक ओएलईडीत 50 वॉट-तास आहेत. 50 भागिले 3.25 म्हणजे 15 वॉटच्या आसपास. त्यातले 7 बाजूला काढले तर चिपसाठी 8 उरतात. 8 वॉटवर टू-डी आणि जुने गेम छान चालतात, नवे भारी गेम नाहीत. पहिल्या अ‍ॅलायमध्ये 40 वॉट-तास, तिथे हिशेब आणखी आवळतो. अ‍ॅलाय एक्स आणि क्लॉ 8 मध्ये 80 आहेत, वजन तिथेच गेलंय.

पॉवर बँक घेणार असाल तर 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-तास, त्यातले हातात पडतात 60 च्या आसपास. मात्र ती यूएसबी-सी पीडी (जलद चार्जिंगची पद्धत) वापरून डेकसाठी 45 वॉट आणि अ‍ॅलाय किंवा लीजन गोसाठी 65 वॉट देणारी हवी. 18-20 वॉटची मोबाइलवाली जोडली तर भारी गेममध्ये चार्जिंगची खूण दिसत राहते आणि टक्के घसरत राहतात. विमानात पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, 100 वॉट-तासांच्या आत.

शेवटी सगळा संच एकदा तोला: यंत्र, कडक केस, चार्जर, केबल, पॉवर बँक. 640 ग्रॅमचा डेक सहज सव्वा-दीड किलोवर जातो. एका हलक्या लॅपटॉपएवढा.

चूक 7: झोपलेलं यंत्र बॅगेत कोंबणं

विंडोजवाला हँडहेल्ड स्लीपमधून बॅगेतच जागा होतो, पंखा कापडात गुदमरतो, आणि उतरताना हातात येतो तापलेला तवा आणि रिकामी बॅटरी. पॉवर सेटिंगमध्ये पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट नेमून द्या. सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, पण चार्ज जागेवर राहील. डेकच्या स्टीमओएस प्रणालीवर स्लीप बराच भरवशाचा आहे, तरी पंखा थांबल्याचा कानोसा घेऊनच केस बंद करा.

डेकची हवा मागून आत येते आणि वरून बाहेर पडते. सिलिकॉनचं कव्हर घालताना दोन्ही झरोके उघडे आहेत ना ते पाहा. व्हॉल्व्हच्या मते हे यंत्र 0 ते 35 अंशांत उत्तम चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात बिनकूलरच्या खोलीत फ्रेम पडू लागल्या तर बिघाड शोधत बसू नका, चिपची मर्यादा 3-4 वॉटने खाली आणा. पावसाळ्यात केसभोवती साधी प्लास्टिकची पिशवी घाला. केसची चेन पाणी अडवत नाही.

स्क्रीनगार्डबद्दल एवढंच

डेकच्या 7 आणि 7.4 इंचाचे गार्ड एकमेकांना बसत नाहीत, कवच सारखं असलं तरी. 512 जीबी एलसीडी आणि 1 टीबी ओएलईडी या आवृत्त्यांची काच मुळातच मॅट, म्हणजे चमक कमी करणारी आहे. तिच्यावर साधी चकचकीत टेम्पर्ड काच चिकटवली की खिडकीशी बसल्यावर गेमऐवजी आपलंच तोंड दिसतं. चिकटवायचीच असेल तर मॅट घ्या.