पाहुणा ओलाच येतो

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं जुनं दगडमातीचं घर आहे. सासरे गेल्यावर खालच्या दोन खोल्या कुलूपबंदच असायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने द्यायला लागलो. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं. पडदे कुठले घेऊ, भिंतीवर वारली काढून घेऊ का? मी म्हणते, ते सगळं नंतर. आधी ओल बघा.

आपल्याकडे पाहुण्यांची खरी गर्दी पावसाळ्यात आणि पावसाच्या शेपटाला होते. पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलं असतात. ठोसेघरचा धबधबाही त्याच दिवसांत भरून कोसळतो. म्हणजे कमाईचे महिने तेच, ज्या महिन्यांत घर सगळ्यात दमट असतं.

आमच्याकडे पहिलं कुटुंब पुण्याहून आलं, पाच जणांचं. सप्टेंबर होता. दिवसभर पठारावर भिजून संध्याकाळी परतले, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मी नव्या कोऱ्या चादरी घातल्या होत्या, फुलदाणीत निशिगंध ठेवला होता. पण ओले कपडे वाळत घालायला खोलीत साधी दोरी नव्हती. बिचाऱ्यांनी पँटी पलंगाच्या कठड्यावर टाकल्या. सकाळी बघते तर पाणी गादीत उतरलेलं, आणि आजीबाई शाल गुंडाळून खुर्चीत बसलेल्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं. आपल्या घरी आलेलं म्हातारं माणूस कोरड्या अंथरुणावाचून रात्र काढतं, ही काही साधी चूक नव्हे.

त्या आठवड्यात व्हरांड्याला पत्रा टाकला. त्याखाली दोन वलण्या, चपलांसाठी लाकडी फळी, पाय धुवायला नळ आणि बादली. दाराच्या आत आणि बाहेर अशी दोन जाड पायपुसणी, कारण एक भिजतंच. खोलीत भिंतीला खुंट्या आणि टेबलफॅन. छताच्या पंख्याखाली कपडे वाळत नाहीत, टेबलफॅन समोर धरला की रात्रीत जीन्स निघते. दोन जुने पंचे ‘चिखलाचे’ म्हणून वेगळे ठेवते, म्हणजे पांढऱ्या टॉवेलला कुणी बूट पुसत नाही.

गाद्यांचं मी खर्च करून शिकले. घरच्या कापसाच्या गाद्या मऊ, पण ओल धरतात. ऑगस्टपर्यंत खालच्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागतात. पाहुण्यांच्या खोलीत आता काथ्याच्या गाद्या आहेत, वर चेनचं धुता येणारं कव्हर. मे महिन्यात सगळ्या गाद्या-उशा गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात. पलंग आणि कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवायचं, मागे हवा खेळली पाहिजे. उशीचा अभ्रा काढून उशी नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर ती उशी त्या रात्री द्यायची नाही. वर अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारून वास झाकू नका, झोपलेल्या माणसाला तो कळतोच.

भिंतींचंही तेच. पुसायला सोपा म्हणून आम्ही प्लास्टिक पेंट मारून घेतला आणि पहिल्याच पावसात पोपडे आले. जुनी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून रंगाचं कातडं चढवलं की ओल आत कोंडते. सगळा खरवडून चुना मारला. अंगाला थोडा लागतो, पण भिंत कोरडी राहते.

गरम पाण्याचा हिशेब आधी करा. भिजून आलेले पाचही जण एकाच वेळी आंघोळ मागतात. तीन लिटरच्या गिझरवर भागत नाही, आम्ही २५ लिटरचा बसवला. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून टाकी भरून ठेवणं आपलंच काम. पावसात लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर निदान एक दिवा, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंगचा प्लग हवा. चहापाण्यासाठी खोलीत इंडक्शन आणि किटली दिली आहे. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही.

कागदपत्रांत टाळाटाळ नको. पर्यटन संचालनालयाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिची चौकशी करा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघून वहीत नोंद ठेवा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते.

आणि फुलांबद्दल खरं बोला. गेल्या वर्षी जुलैत एकांनी फोनवर विचारलं, पठार फुललंय ना? मी सरळ सांगितलं, आत्ता धुकं आणि पाऊस, फुलं नाहीत. त्यांनी बुकिंग पुढे ढकललं आणि सप्टेंबरात दोन रात्री राहिले. बहर पावसाच्या उघडिपीवर असतो आणि आठवड्यागणिक फुलं बदलतात. एकदा तेरडा गुलाबी करतो, एकदा सोनकी पिवळं. पठारावर रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तेव्हा प्रवेशाचं आरक्षण आधी करा, असं मी खोलीच्या बुकिंगबरोबरच कळवते. जुन्या फोटोवर भुलून कुणाला बोलावलं तर त्याचा दिवस वाया जातो.

खोली तयार झाली असं वाटलं की जुलैतल्या धो धो पावसात स्वतः एक रात्र तिथे झोपा. घरातलं काही मागवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मला त्या रात्री कळलं की दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागत नाही, मोरीचा उंबरा अंधारात ठेचतो आणि खिडकीच्या वरच्या फटीतून थेंब नेमके उशीवर पडतात. सकाळी सुताराला फोन केला.