लिनक्समध्ये सगळे कोअर एकाच वेळी कधी झोपतात?

लॅपटॉपवर काही चालू नसतानाही बॅटरी उतरते. ‘टॉप’ या कमांडमध्ये प्रोसेसर ९८ टक्के आयडल, म्हणजे रिकामा, दिसतो, पण ती सरासरी. प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातली स्वतंत्र काम करणारी युनिट, एकदम निवांत किती वेळ होते, हे त्यातून कळत नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ट्रेसमधून, म्हणजे घडलेल्या घटनांच्या नोंदीतून, मात्र कळतं.

१. ट्रेसिंगच्या फोल्डरात (/sys/kernel/tracing) ‘पॉवर’ गटातली ‘सीपीयू आयडल’ या एकाच घटनेची नोंद रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालू करा.

२. टास्कसेट (ठरावीक कोअरवर प्रोग्राम चालवणारी कमांड) वापरून प्रत्येक कोअरवर एक फुटकळ कमांड चालवा. आधीपासून झोपलेला कोअर स्वतःहून ओळ लिहीत नाही, म्हणून त्याला एकदा ढोसायचं.

३. दहा सेकंदांनी ट्रेसिंग बंद करून फाइल वाचा. प्रत्येक ओळीत कोअरचा नंबर आणि स्टेट असते. स्टेट ०, १, २ वगैरे असेल तर कोअर झोपायला गेला. ४२९४९६७२९५ असेल तर जागा झाला. हा अगडबंब आकडा म्हणजे ३२ बिटांत चिन्हाशिवाय लिहिलेला नुसता उणे एक आहे. मी तो आधी बिघाडच समजलो होतो.

४. छोट्या स्क्रिप्टमध्ये एकाच आकड्यात कोअरमागे एक बिट ठेवा. झोपला की १, उठला की ०. चार कोअरच्या मशीनवर चारही बिट १ झाले, म्हणजे आकडा १५ (१+२+४+८) झाला, की सगळे निवांत. तिथपासून पुढच्या उठण्यापर्यंतचा वेळ मोजा.

एक सांभाळा: ट्रेस चालू असताना तो स्क्रीनवर बघत बसू नका. बघणारा प्रोग्रामच कोअरला उठवत राहतो.