जुन्या वळणाचा मिररलेस कॅमेरा बेताच्या पैशांत: आधी लेन्स, मग बॉडी

माथ्यावर शटरवेगाची आणि एक्स्पोजरची डायल असलेला, जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) घ्यायचे ज्यांनी ठरवले आहे आणि ज्यांच्याजवळ बॉडी व लेन्स मिळून पन्नास हजारांच्या आसपास रक्कम आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. या रकमेत वापरलेली बॉडीच घ्यावी लागते, हे आधी मान्य करावे.

प्रथम पैशांची वाटणी करावी. एकूण रकमेतला निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी बाजूला काढावा आणि बॉडी कितीही मोहक दिसली तरी त्याला हात लावू नये. बॉडीवर सगळे पैसे घालवून तिच्याबरोबर आलेल्या मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणाऱ्या, किट झूमवर वर्षानुवर्षे भागवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. संध्याकाळी घरात काढलेली त्यांची छायाचित्रे मोबाइलपेक्षा फारशी वेगळी दिसत नाहीत.

बॉडीचा निर्णय सोपा आहे. निकॉनचा २०२१ सालचा झेड एफसी हा १९८२ च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरून बेतलेला आणि दिसायला सर्वांत देखणा. परंतु या रकमेत तो लेन्ससह बसवणे कठीण आहे, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या २८ मिमी लेन्सवर अ‍ॅपर्चरची (लेन्समधून आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची) रिंगच नाही. फुजीफिल्मचा २०१७ चा एक्स-टी२० माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे. ज्यांना आयएसओचेही (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे) डायल हवे, त्यांनी २०१४ चा एक्स-टी१ पाहावा आणि १६ मेगापिक्सेलवर समाधान मानावे. हात थरथरत असेल तर ऑलिंपसचा ई-एम१० मार्क २ घ्यावा, कारण त्याच्या बॉडीतच पाच अक्षांचे स्थिरीकरण, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी यंत्रणा, आहे, जे आधीच्या तिघांत नाही. वापरलेली बॉडी तपासताना प्रत्येक डायल फिरवून पाहावे आणि एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग बघावेत, एवढे पुरे.

लेन्स एकच आणि स्थिर फोकल लेंग्थची, म्हणजे झूम नसलेली, घ्यावी. फुजी व निकॉनच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान आकाराचा असल्याने ३५ मिमी लेन्स फिल्मच्या हिशेबाने ५२ मिमीच्या आसपासचे दृश्य देते. फुजीच्या एक्ससी ३५ मिमी एफ/२ मध्ये महागड्या एक्सएफ ३५ मिमी एफ/२ चीच भिंगरचना आहे; वगळले आहे ते धातूचे अंग, पाण्यापासूनचे संरक्षण आणि अ‍ॅपर्चरची रिंग. मात्र आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत ३५ मिमीने चार माणसे एका चौकटीत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते, म्हणून घरातली छायाचित्रे अधिक काढणाऱ्यांनी टीटीआर्टिझनची २७ मिमी एफ/२.८ पाहावी.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः फसलो तो टप्पा, म्हणजे वापरलेली जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स पारखणे. पन्नास मिमीच्या जुन्या लेन्स स्वस्त मिळतात आणि या कॅमेऱ्यांवर शोभतातही, परंतु मुंबई-कोकणच्या दमट हवेत बरीच वर्षे कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी असण्याची शक्यता गृहीतच धरावी. माझी पहिली लेन्स मी एका दुकानात ट्यूबलाइटच्या उजेडात, समोरून डोकावून पसंत केली होती. मागच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू मला घरी आल्यावर दिसले. परत नेली तेव्हा दुकानदार म्हणाले, "धूळ आहे हो, फोटोत दिसत नाही." हे अर्धसत्य होते. भर दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून काढलेल्या छायाचित्रांत खरोखर काही दिसत नसे. पण खिडकीसमोर बसलेल्या माणसावर कॅमेरा रोखला की सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येई. पुढे लेन्स उघडून साफ करून घेतली. तंतू गेले, पण बुरशीच्या आम्लाने भिंगावरचा लेप खाल्ला होता, त्या खुणा कायमच्या राहिल्या.

म्हणून दुकानात जाताना खिशात लहान टॉर्च असावीच. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, टॉर्च मागून तिरपी धरावी आणि लेन्स सावकाश फिरवत समोरून पाहावे. मग हेच उलट बाजूने करावे. सुटे ठिपके म्हणजे धूळ, तिची काळजी नको. फांद्या फुटलेले तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखे धुके दिसले तर भिंगावर थर चढला आहे. आणि कडेला इंद्रधनुषी रंग दिसले तर चिकटवलेली भिंगे सुटू लागली आहेत. या तिन्हींपैकी काहीही आढळले तर किंमत निम्मी केली तरी ती लेन्स घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. "साफ करून घ्या, पाचशे रुपयांत होते" असा सल्ला देणाऱ्याला ती आधी साफ करून विकायला सांगावे. टॉर्च लावू न देणाऱ्या विक्रेत्याशी तर पुढे बोलूच नये.

अ‍ॅडॉप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारी कडी) साधा, आत भिंग नसलेला घ्यावा आणि लावल्यावर दूरच्या इमारतीवर फोकस होतो की नाही ते पाहावे. फुजीच्या मेनूत लेन्सशिवाय छायाचित्र घेण्याची परवानगी चालू करावी लागते. ती न केल्याने शटर दबत नाही आणि नवखे लोक कॅमेराच बिघडला असे समजतात. फोकस पीकिंगही (फोकसमध्ये आलेल्या कडा पडद्यावर रंगाने दाखवणारी सोय) तेव्हाच चालू करून ठेवावे.

जुन्या लेन्सबरोबर चामड्याची डबी मिळाली तर ती शोभेला ठेवावी, लेन्स तिच्यात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि जून लागण्यापूर्वी जेल बदलावे.