फ्रीझरमध्ये बर्फाची भिंत, खाली दूध नासतंय: फ्रिजचा डिफ्रॉस्ट घरी कसा दुरुस्त करावा

वर फ्रीझरमधले मटार दगडासारखे, आणि खाली सकाळचं दूध संध्याकाळी नासलेलं. दोन दरवाजांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजची अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा दोष डिफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेलं हिम आपोआप उतरवणाऱ्या यंत्रणेचा असतो. आमच्या सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की घराघरांत हे सुरू होतं. मेकॅनिक येतो, खालच्या कप्प्यात हात घालून बघतो आणि म्हणतो, "ताई, गॅस संपलाय." मी घरचा, नणंदेचा, शेजारपाजारचे असे पुष्कळ फ्रिज आजवर उघडलेत. गॅस भरायला सांगितलेल्या कितीतरी फ्रिजचा गॅस शाबूत होता. न लागणाऱ्या कामाला लोकांनी हजारो रुपये मोजलेत, याचा मला मनापासून राग येतो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड गार नळ्यांची कॉइल असते. पंखा तिच्यावरची गार हवा वर-खाली फिरवतो आणि हवेतली वाफ कॉइलवर हिम होऊन बसते. हे हिम उतरवायला काही तासांनी, बऱ्याच मॉडेलमध्ये आठ ते बारा तासांनी, कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटं लागतो. पाणी नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हीटर कधी लावायचा हे टायमर ठरवतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल, म्हणजे उष्णतेने आपोआप सुटणारा छोटा स्विच, हीटरची वीज तोडतो. बायमेटलने दगा दिला तर शेवटचा पहारेकरी म्हणून थर्मल फ्यूज असतो. या साखळीतली एक कडी तुटली की हीटर लागत नाही, हिमाचा बर्फ होतो, कॉइल त्यात गाडली जाते आणि खाली हवाच जात नाही.

एका दरवाजाच्या, बटण दाबून बर्फ वितळवायच्या फ्रिजला हे काही लागू नाही. आणि २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेला फ्रिज असेल, तर त्याचं सगळं वायरिंग आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, मगच इकडे वळा.

पॅनेल उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, खालच्या कप्प्यात हवा येण्याची भोकं. तासगावच्या नणंदेच्या फ्रिजमध्ये बेदाण्याच्या पिशव्या मागच्या भिंतीला इतक्या ठासून लावल्या होत्या की हवेला वाटच नव्हती. पिशव्या पुढे ओढल्या आणि काम झालं. दुसरी, दाराचं रबर. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज सुटली तर बाहेरची दमट हवा आत शिरते आहे, आणि पावसाळ्यात तेवढ्यानेही बर्फ साचतो.

आता टायमर. जुन्या फ्रिजमध्ये चार पिनांचा, मधे खाचेचा छोटा दट्ट्या असलेला डबा असतो, खालच्या कप्प्यातल्या कंट्रोल बॉक्समागे किंवा पाठीमागे कॉम्प्रेसरजवळ. फ्रिज चालू असताना तो दट्ट्या स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. उलटा कधीच नाही, आतले दाते तुटतात. 'टक' आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबला की थांबा आणि फ्रीझरला कान लावा. पाच-दहा मिनिटांत तव्यावर थेंब पडल्यासारखं चर्र-चर्र ऐकू आलं, तर हीटर, बायमेटल, फ्यूज तिन्ही धडधाकट आहेत. टायमरची मोटर मेली आहे. त्याच नंबरचा नवा टायमर आणा, प्लग काढून बसवा आणि साचलेला बर्फ खाली सांगितलाय तसा उतरवून टाका. एवढ्यावर काम संपलं.

आवाज आला नाही, तर प्लग काढा. इथून पुढे फ्रिजच्या आतलं प्रत्येक काम प्लग काढूनच. स्विच बंद केलाय एवढं पुरत नाही.

बर्फ वितळवण्याआधी तपासा

जिथे तिथे सल्ला मिळतो: आधी फ्रिज चोवीस तास बंद ठेवा, बर्फ जाऊ द्या, मग मीटर (मल्टिमीटर, कंटिन्युटीवर ठेवला की जोड शाबूत असल्यास बीप देतो) लावा. हा क्रम उलटा आहे आणि यानेच माझे दोन बायमेटल फुकट गेले.

बायमेटल गार असतानाच जोडलेला असतो. शून्याच्या बरंच खाली गेलं की त्याच्या आतली पत्री वळते आणि संपर्क होतो. तापमान शून्याच्या थोडं वर गेलं की ती सुटते. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात, बऱ्याचदा त्याच्या अंगावरच छापलेले असतात. म्हणजे खोलीच्या उष्णतेत चांगला बायमेटलसुद्धा मीटरवर 'तुटलेला'च दिसणार. माझ्या पहिल्या दुरुस्तीत मी फ्रिज रात्रभर उघडा ठेवला, सकाळी मीटर लावला, बीप आला नाही, म्हणून बायमेटल फेकला. दुकानातून नवा आणला, घरी येऊन तपासला, तोही बीप देईना. दुकानदाराने खराब माल दिला असं वाटून मी त्याच्याशी वाद घातला. दुसरा आणला, तोही तसाच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला. तरी गप्प. बर्फाचं पाणी शून्याच्या खाली उतरत नाही आणि बायमेटलला त्याच्याही खाली जायचं असतं, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

वाट दाखवली ती आईकडच्या पॉट आइस्क्रीमने. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालून आम्ही तासभर दांडा फिरवायचो, आतला डबा इतका गार व्हायचा की ओला हात चिकटायचा. तेच केलं. स्टीलच्या भांड्यात फोडलेला बर्फ तीन वाट्या आणि खडे मीठ एक वाटी कालवलं. थोड्याच वेळात भांड्याला बाहेरून पांढरी लव धरली. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वायरी बाहेर ठेवल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि भांड्यात खोल पुरला. मीटर कंटिन्युटीवर लावून वाट बघत बसले. सातआठ मिनिटांनी अगदी बारीक 'टक' झालं आणि मीटर वाजला. बाहेर काढून मुठीत धरला, थोड्या वेळाने पुन्हा 'टक', आवाज बंद. बायमेटल चांगला होता. फेकलेला पहिलाही चांगलाच असणार. दोष होता हीटरच्या कनेक्टरमध्ये, तिथली एक पिन ओलाव्याने काळी पडून खाल्ली गेली होती.

म्हणून माझं ठाम मत: कॉइल बर्फात असतानाच मीटर लावा. तेव्हा बायमेटल आपोआप हव्या त्या थंडीत बसलेला असतो, मिठाच्या भांड्याचीही गरज पडत नाही. अडचण एवढीच की पॅनेल बर्फाला चिकटलेलं असतं. ते ओढू नका. गारठलेलं प्लॅस्टिक काचेसारखं तडकतं, आणि काही मॉडेलमध्ये पंखा पॅनेललाच लावलेला असतो, त्याची वायर तुटते. स्क्रू काढा, जाड टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पॅनेलवर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. असं चार-पाच वेळा केलं की पॅनेल हलायला लागतं. खालची बाजू आधी सुटू द्या, हाताने मागे चाचपून वायर आहे का बघा, मगच बाहेर घ्या.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं, काहीही बर्फात खुपसायचं नाही. कॉइलची नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, एका टोच्याने गॅस जातो आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. मागच्या स्टिकरवर 'आर ६००ए' लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा असतो. काम करताना सूं आवाज आला, तर स्विचला हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या.

पॅनेल निघालं की पहिल्यांदा बर्फाचा आकार बघा. सगळी कॉइल सारखी गाडलेली असेल तर डिफ्रॉस्टचा दोष नक्की. एकाच कोपऱ्यात हिम आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर मात्र गॅस कमी आहे. तो मेकॅनिक या वेळी बरोबर बोलला, काम त्याच्याकडे द्या.

कनेक्टर बहुधा वर एका बाजूला असतात. तेवढीच जागा ओल्या गरम फडक्याने मोकळी करा, पिना कोरड्या पुसा, काळ्या झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग तीन मोजमापं. थर्मल फ्यूज कुठल्याही तापमानाला जोडलेलाच दिसला पाहिजे. नाही दिसला तर गेला. बायमेटल आता, बर्फात, जोडलेला दिसला पाहिजे. हीटरवर ओह्म मोजा. २३० गुणिले २३० भागिले हीटरवर छापलेले वॅट, एवढं उत्तर साधारण यायला हवं. २०० वॅटचा हीटर असेल तर २६० ओह्मच्या आसपास. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय.

नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमर आणि बायमेटलऐवजी बहुधा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) आणि तापमानाचा सेन्सर असतो. सेन्सर मुठीत धरल्यावर ओह्म सावकाश उतरायला लागले तर तो जिवंत आहे. पीसीबीला हात लावू नका. प्लग काढल्यावरही काही वेळ त्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

बर्फ उतरवणं

दार उघडं, समोर टेबल फॅन, कॉइलखाली जुन्या चादरी, फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत होतं. हेअर ड्रायर वापरू नका, ओल्या जागी विजेचं उपकरण धरणं हा जिवाशी खेळ आहे.

नवा भाग बसवताना

काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बायमेटल ज्या नळीवर, ज्या उंचीवर होता तिथेच बसला पाहिजे. चार बोटं इकडे-तिकडे झाला तर हीटर वेळेआधी बंद होतो आणि बर्फ अर्धाच उतरतो.

फ्यूज उडाला असेल तर नुसता फ्यूज बदलून थांबू नका. तो उगाच उडत नाही. बहुतेक वेळा बायमेटल चिकटून जोडलेलाच राहिलेला असतो आणि हीटर तापत सुटलेला असतो. मी दोन्ही बदलते. बाजारात दोन्ही एकत्रही मिळतात, काही शेकड्यांचं काम आहे. फ्यूजला सोल्डर लावू नका. तो ७०-७५ अंशांच्या आसपास वितळण्यासाठीच बनवलेला असतो, सोल्डरच्या उष्णतेने हातातच जातो. दाबून बसवायचा क्रिंप वापरा आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवा. साधी टेप फ्रीझरच्या ओलाव्यात टिकत नाही, सहा महिन्यांत पिना पुन्हा काळ्या.

काही जण फ्यूज काढून दोन वायरी थेट पिळून देतात आणि 'आता कटकट नाही' असं सांगतात. तसं करून दिलेला एक फ्रिज मी मिरजेत उघडला होता. आतलं प्लॅस्टिक हीटरच्या बाजूने तपकिरी होऊन मेणासारखं खाली वाहिलं होतं, आणि त्याच खोलीत रात्री लहान मुलं झोपत होती. कुणी तुमच्यासमोर असं करायला लागलं तर त्याला तिथेच थांबवा.

हीटर बदलताना तुमच्याच मॉडेलचा घ्या. आर ६००ए च्या फ्रिजचे हीटर पृष्ठभाग फार तापू नये अशा बनावटीचे असतात. तिथे जुन्या फ्रिजमधला 'बसतोय ना' म्हणून लावायचा नाही.

पॅनेल लावण्याआधी पाण्याची वाट. कॉइलखालच्या पन्हाळीत एक भोक असतं, त्यात सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडा. मागच्या ट्रेमध्ये पाणी पडलं की वाट मोकळी. पडलं नाही तर पाणी तसंच सोडत राहा, आतला बर्फाचा बुच हळूहळू सुटतो. ही पायरी सोडली तर नवा हीटर लागूनही पाणी तिथेच गोठतं आणि भाजीच्या ट्रेखाली तळं साचतं.

पॅनेल, स्क्रू, प्लग. आत सामान भरायची घाई नको, पाच-सहा तास गार होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी, कॉइलवर पातळ हिम बसलं की टायमर पुन्हा 'टक' होईपर्यंत फिरवा. चर्र आवाज येईल. अर्ध्या तासाने फ्रिजमागे वाकून टॉर्चने ट्रे बघा. तिथे ताजं पाणी थेंबथेंब पडत असेल, तर दूध आत ठेवायला हरकत नाही.