किल्ली न लावता कुलूप उघडायला शिकताना

ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे साधं कुलूप मागा, तो आधी विचारेल, ‘किती लिव्हरचं?’ हौस म्हणून हे शिकणार असाल तर लिव्हरचं घेऊ नका. त्याची किल्ली गोल दांड्याची असते, टोकाला खाचा पाडलेला चपटा तुकडा असतो. आत पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यासाठी हत्यारंही वेगळी लागतात. आपल्याला हवं पिनचं कुलूप. त्याची किल्ली चपटी आणि एका कडेला दात असलेली. ४० मिमीच्या आसपासचं, शक्य तितकं स्वस्त घ्या. स्वस्त का, ते पुढे कळेल.

या कुलपात एक गोल गाभा असतो, किल्ली फिरवली की फिरतो तो. त्याच्यावर एका रांगेत चार-पाच भोकं आणि प्रत्येकात दोन पिना, एकीवर एक. वर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी बाहेर असते. तीच गाभ्याला अडवते. योग्य किल्लीचे दात सगळ्या जोड्यांना अशा उंचीवर उचलतात, की दोन पिनांमधली फट नेमकी गाभ्याच्या काठावर येते आणि गाभा सुटतो. लायनस येल यांनी १८६० च्या दशकात अमेरिकेत पेटंट घेतलेली ही रचना आज आपल्या फ्लॅटच्या लॅचमध्येही असते.

आता गंमत. ही भोकं कागदावर सरळ रेषेत असली, तरी प्रत्यक्षात केसभर इकडे-तिकडे असतात. त्यामुळे गाभ्यावर हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती बसवली की पुढची अडकते. माल जितका ढिसाळ बनवलेला, तितका हा फरक मोठा. स्वस्त घ्या म्हटलं ते यासाठी.

हत्यारं दोनच. एक ताणपट्टी: गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरातून निघणारी स्टीलची पट्टी, टोकाला सेंटिमीटरभर काटकोनात वाकवलेली. दुसरा हुक: हॅक्सॉ ब्लेड घासून, टोक किंचित वर वळलेलं ठेवून होतो. मशीनवर घासत असाल तर दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, पुढे ते वाकतच राहील. शेवटी टोक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर पिनांवर खरखरतं आणि बोटाला काही कळत नाही.

कुलूप असं धरा, की किल्लीचे दात ज्या बाजूला जातात ती बाजू वर येईल. ताणपट्टी किल्लीच्या भोकाच्या खालच्या कडेला अडकवा आणि किल्ली फिरते त्या दिशेने दाबा. किती? दुधावरची साय न फाटता बोटाने बाजूला सारता, तितकंच. नव्वद टक्के लोक इथेच गंडतात. अंगठ्याचं नख पांढरं पडत असेल तर तुम्ही तिप्पट जोर लावताय.

हुक पार आत घाला आणि मागून पुढे येत एकेक पिन हलकेच वर ढकलून पाहा. बहुतेक पिना स्प्रिंगसारख्या उसळतील. एक मात्र दगडासारखी वाटेल. ती हळूच उचला. टिक असा बारीक आवाज येतो, गाभा जरासा सरकतो, आणि ते ताणाच्या हाताला आधी कळतं, कानाला नंतर. मग पुन्हा शोध, आता कोणती घट्ट? बराच वेळ काहीच हलत नसेल तर एखादी पिन जास्त वर गेलीय. ताण हळूहळू सोडा, पिना टपटप खाली पडताना ऐकू येतात. पुन्हा पहिल्यापासून.

पहिलं कुलूप उघडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने १८५१ मध्ये लंडनमध्ये चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं होतं, पण ब्रामा या दुसऱ्या कंपनीचं कुलूप उघडायला त्यालाही ५० तासांवर झगडावं लागलं, तेही अनेक दिवसांत मिळून. त्यामुळे चहा करून घ्या आणि परत बसा.

एक चूक मी केली, ती करू नका. दोन-तीन कुलपं उघडल्यावर चेव आला आणि घराच्या मुख्य दाराच्या लॅचवर हात चालवला. हुकाचं टोक आतच मोडलं. रात्री नऊला चावीवाले काका आले. त्यांनी नक्षीकामाच्या करवतीचं केसाएवढं पातं दात बाहेरच्या बाजूला ठेवून आत सरकवलं, जरा फिरवलं आणि तुकडा ओढून काढला. जाताना म्हणाले, ‘तेल पण घातलंय वाटतं खोबरेल?’ घातलं होतं. खोबरेल तेलावर धूळ बसून आत चिकट गाळ होतो. त्यापेक्षा मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून दहा वेळा आत-बाहेर करावं. खाडीच्या दमट हवेत पावसाळ्याआधी तेवढं केलं तरी पुरतं.

म्हणून वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, स्वतःच्याही नाही. दुसऱ्याचं असेल तर त्याने स्वतःहून हातात दिल्याशिवाय अजिबात नाही. परदेशातले हौशी क्लबही हेच दोन नियम पाळतात. आणखी एक: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये ‘छंद आहे हो’ हे कारण हवालदाराला पटवत बसायचं नसेल, तर हत्यारं घरीच बरी. ऐरोलीच्या मित्राकडे सरावाला जातो तेव्हा मी पिशवीत फक्त कुलपं नेतो. ताणपट्ट्या आणि हुक यांचा दुसरा संच त्याच्याच टेबलाच्या खणात असतो.